रॅमचा हिशेब ठेवायला किती रॅम लागते?

नालासोपाऱ्यातल्या आचोळे रोडवरच्या एखाद्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोन हँग होतो म्हणून गेलात, तर पहिलं निदान बहुतेक ठरलेलं असतं : "रॅम भरलीय, मागचे ॲप बंद करा." वर एखादं 'रॅम क्लीनर'ही टाकून मिळतं. निदान अगदीच चूक नाही, पण अर्धवट आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा कर्नल असतो आणि रिकामी रॅम नुसती पडून राहू देणं त्याला मान्य नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली तो तिथेच ठेवून घेतो, कोणाला जागा लागली की लगेच सोडतो. म्हणून तर २०१४ साली लिनक्स ३.१४मध्ये 'फ्री'च्या जोडीला 'अव्हेलेबल' हा वेगळा आकडा आला. 'फ्री' कमी दिसली तर घाबरू नये, 'अव्हेलेबल' घसरत चालली तर लक्ष घालावं.

अडचण सुरू होते ती त्याच्या पुढे. मेमरी कमी पडतेय हे कळलं, पण ती खाल्ली कोणी? ॲपची मेमरी ॲपच्या नावावर सापडते. कॅमेऱ्याच्या किंवा वायफायच्या ड्रायव्हरने कर्नलच्या आत घेतलेली मेमरी कोणाच्या खात्यावर लिहायची? तिचा माग काढण्याची रूढ पद्धत म्हणजे ट्रेसिंग : कर्नल जिथे मेमरी देतो आणि जिथे परत घेतो, तिथे प्रत्येक वेळी एक नोंद करायची. नोंद करायलाही वेळ आणि जागा लागते. तोच ओव्हरहेड, आणि त्याच्याबद्दल जाणकारांमध्येही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : ट्रेसिंगची सोय कर्नलमध्ये ठेवली, की ती बंद असतानाही वेग खाते.

पूर्वी या भीतीत तथ्य होतं. आता फारसं उरलेलं नाही. नोंद जिथे होते त्या ठिकाणाला ट्रेसपॉइंट म्हणतात. तो बंद असताना त्याच्या जागी प्रोसेसरला 'काही करू नकोस, पुढे जा' एवढंच सांगणारी सूचना असते, तिला नोप म्हणतात. ट्रेसिंग सुरू केलं की कर्नल स्वतःच्या चालत्या कोडमध्ये ती सूचना बदलून तिथे उडी बसवतो. 'जंप लेबल' नावाची ही युक्ती २०११च्या सुरुवातीला आलेल्या २.६.३७ या आवृत्तीपासून आहे. बंद स्थितीतला खर्च त्यामुळे नगण्य होतो. कोड थोडा मोठा होतो, इतकंच.

गैरसमज : ओव्हरहेड म्हणजे एक ठरलेली टक्केवारी.

सर्वांत जास्त फसवणारा समज हाच. 'अमुक टूलचा ओव्हरहेड दोन टक्के' असं कोणी सांगितलं, की विचारावं : कशाच्या नोंदी घेताना? एका नोंदीला २०० नॅनोसेकंद लागतात असं हिशेबापुरतं धरू. सेकंदाला हजार नोंदी झाल्या, तर एका कोअरचा ०.०२ टक्के वेळ गेला. कोणाच्या लक्षातही येणार नाही. सेकंदाला दहा लाख झाल्या, तर २० टक्के. टूल तेच, नोंद तीच, फरक फक्त घटना किती वेळा घडते याचा. मेमरीची गोष्ट नेमकी इथे वेगळी पडते. कर्नलमध्ये छोट्या तुकड्यांची देवघेव इतकी सतत चालते की, डिस्कच्या नोंदी घेताना जे परवडतं ते इथे परवडेलच असं नाही. त्यात प्रत्येक नोंदीबरोबर 'ही मागणी कोणकोणत्या फंक्शनमधून इथवर आली' ती साखळीही हवी असेल, तर एका नोंदीचा भाव आणखी चढतो.

सरासरीही पुरत नाही, खर्च केव्हा होतो हेही पाहावं लागतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, २०१८ साली ४ पेटाफ्लॉपचा 'प्रत्यूष' हा महासंगणक आला आणि २०२४मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा 'अर्क'. पावसाळ्यात गुडघाभर पाणी पाहणाऱ्या आमच्या वसई-विरारकरांना अशा यंत्रांच्या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. हवामानाच्या गणितात हजारो प्रोसेसर आपापल्या भागाचं काम करतात आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी एकमेकांसाठी थांबतात. एक जरी मागे राहिला, तरी सगळे ताटकळतात. अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या 'एएससीआय क्यू' या महासंगणकावर २००३ साली संशोधकांनी हेच दाखवलं. ऑपरेटिंग सिस्टिमची बारीकसारीक कामं वेगवेगळ्या नोडवर वेगवेगळ्या क्षणी उपटत होती. एकेकटं काम किरकोळ, पण ती आवरल्यावर एक मोठा प्रोग्राम दुपटीने वेगवान झाला, प्रोग्रामच्या कोडला हात न लावता. तिथे दोष ट्रेसिंगचा नव्हता, पण असमान वेळी टाकलेल्या ट्रेसिंगचा परिणामही याच वाटेने होतो. सरासरी एक टक्का दिसतो आणि काम त्याहून कितीतरी जास्त रेंगाळतं.

गैरसमज : ट्रेसिंग नुसतं पाहतं, त्याने काही बदलत नाही.

सकाळच्या गर्दीत नालासोपारा स्थानकाच्या पुलावर प्रत्येकाला थांबवून 'कुठून आलात, कुठे चाललात' असं लिहून घेतलं, तर वहीत जी गर्दी उतरेल ती बरीचशी वहीमुळेच झालेली असेल. ट्रेसिंगमध्ये नोंदीची वही म्हणजे रिंग बफर आणि तो रॅममध्येच असतो. स्टीव्हन रोस्टेड यांचं एफट्रेस हे ट्रेसिंगचं टूल २००८पासून लिनक्समध्ये आहे. न वापरलेलं असताना ते प्रत्येक सीपीयूमागे ७ केबीइतका बफर बाळगून असतं. पहिल्यांदा वापरलं की तो १४०८ केबी होतो. आठ कोअरच्या फोनवर म्हणजे थेट ११ एमबी. मेमरी कुठे जाते ते शोधायला निघालो आणि शोधानेच ती घेतली! मोठ्या सर्व्हरवर याचं काही वाटत नाही, स्वस्तातल्या फोनवर वाटतं.

कर्नलच्या आतच छोटे प्रोग्राम चालवू देणारं ईबीपीएफ आल्यापासून 'आता हे सगळं फुकटात होतं' असंही ऐकू येतं. नाही होत. एकेक घटना बाहेर न पाठवता कर्नलमध्येच बेरीज करता येते, हा त्याचा मोठा फायदा खराच. पण घटनेगणिक तक्त्यात शोधाशोध करावी लागते, आणि त्या तक्त्यालाही जागा लागते. मेमरीच्या मागणीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामने मधेच स्वतः मेमरी मागू नये, म्हणून हॅश तक्त्यांची जागा सहसा आधीच राखून ठेवलेली असते.

गैरसमज : सगळं नोंदवलं, की हिशेब अचूक.

बफर भरला की एफट्रेस डीफॉल्टने जुन्या नोंदी पुसून नव्या लिहितं. मेमरी दिल्याची नोंद उरली आणि परत आल्याची पुसली गेली, की जिथे गळती नाही तिथे गळती दिसते. शिवाय ट्रेसिंग सुरू होण्याआधीच घेतलेली मेमरी या वहीत नसतेच. महिनाभर चालू असलेल्या मशीनवर आज ट्रेसिंग लावून 'आता मेमरी कोणाकडे आहे' असं विचारलं, तर उत्तर अपुरंच येणार.

माझं मत स्पष्ट आहे : 'आत्ता कोणाकडे किती' या प्रश्नाला नोंदवही नको, काउंटर हवा. लिनक्स ६.१०मध्ये, जुलै २०२४ला, सुरेन बाघदासार्यान आणि केंट ओव्हरस्ट्रीट यांचं मेमरी अलोकेशन प्रोफायलिंग आलं ते याच विचाराने. कोडमध्ये मेमरी मागणाऱ्या प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा काउंटर असतो. दिली की वाढतो, परत आली की घटतो. घटना साठवायची गरजच नाही. प्रॉक फोल्डरमधली 'ॲलॉकइन्फो' ही फाइल उघडली की कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीकडे किती बाइट अडकलेत ते दिसतं. फुकट हेही नाही. दर ४ केबीच्या पानामागे ८ बाइट, म्हणजे एकूण रॅमच्या सुमारे ०.२ टक्के; ४ जीबीच्या फोनवर ८ एमबी. लहान तुकड्यांसाठी आणखी थोडी. 'ट्रेसपॉइंट आणि ईबीपीएफ आधीच असताना कर्नलमध्ये हा नवा कोड कायमचा कशाला सांभाळायचा?' हा आक्षेप त्यावर घेतला गेला. आक्षेप रास्त आहे. पण बूट होताक्षणापासून, अखंड, कामाच्या मशीनवर हिशेब हवा असेल, तर ट्रेसिंग तिथे महाग पडतं.

याचा अर्थ ट्रेसिंग मोडीत निघालं असा नव्हे. 'आधी काय झालं, मग काय झालं' हा क्रम काउंटर कधीच सांगू शकत नाही. अमुक मागणीला इतका उशीर का लागला, हेही नाही.

सॅम्पलिंगला, म्हणजे सगळ्या घटना न पाहता अधूनमधून एखादीच पाहण्याला, उगाच कमी लेखतात, तेवढं एक राहिलं. मेमरीच्या वापरातल्या चुका पकडणारं २०२१चं केफेन्स दर १०० मिलिसेकंदांना साधारण एकाच मागणीवर पहारा बसवतं, म्हणून ते कामाच्या मशीनवरही चालू ठेवता येतं. एका फोनवर काही सापडायला दिवस जातील. लाखो फोनवर ते आपोआप सापडतं.

तेव्हा मेमरीचा माग काढायचा असेल तर आधी फुकटातले आकडे बघा : प्रॉक फोल्डरमधल्या मेमइन्फो, स्लॅबइन्फो या फायली आणि मेमरीवरचा दाब सांगणारं पीएसआय. त्यांतून दिशा मिळाली की काउंटर. तरीही प्रश्न सुटला नाही, तरच ट्रेसिंग, तेही फिल्टर लावून आणि थोड्या वेळापुरतं. तेच काम एकदा ट्रेसिंगशिवाय आणि एकदा ट्रेसिंगसह चालवा, सरासरीबरोबर सर्वांत संथ वेळही लिहा आणि काम कोणतं होतं तेही लिहा. त्याशिवाय कोणी सांगितलेल्या ओव्हरहेडच्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नका.