खापर किती खोल होते?

(इयत्ता सातवी)

एका बाजूला शिरूर आणि दुसऱ्या बाजूला दौंड, यांच्या मध्ये घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. न्हावरे, मांडवगण फराटा ही त्याच्या आसपासची गावे. नदी ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो.

दिवाळीच्या सुटीत मी तिथे मामाकडे गेलो होतो. पांढरीच्या टेकाडावर एका ओघळीच्या कडेला लाल खापर दिसले. मी ते काठीने उकरून काढलं. त्यावर काळ्या रेघा होत्या. टिचकी मारली तर खणकन वाजले!

शाळेत गुरुजींना दाखवलं. मला वाटले शाबासकी मिळेल. गुरुजी म्हणाले, "किती खोल होतं रे हे?" मला सांगता येईना. मग त्यांनी समजावून सांगितले.

जुने घर पडले की त्याच जागी नवे बांधत. असा मातीचा थरावर थर चढतो. खालचा थर जुना, वरचा नवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात इथले थर हळूहळू उलगडले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० पर्यंत इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. खालच्या थरांत मोठी चौकोनी घरे निघाली. एक तर पाच खोल्यांचे, शेजारी धान्याचे कोठार! जव हे मुख्य पीक. नदीचे पाणी घ्यायला पाटही होता.

वरच्या थरात मात्र लहान लहान गोल झोपड्या. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला, शेती पिकेना, माणसे गरीब झाली. हे मी आजीला सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात ती माझ्याएवढी होती. ती म्हणाली, "आमीबी खडी फोडायला गेलो व्हतो की."

आणखी एक गोष्ट. लहान मूल दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. जवळ वाटी आणि तोटीचे भांडे ठेवत. मला आधी भीती वाटली. आई म्हणाली, "लेकरू घरातच राहावं, असं वाटत असेल त्यांना."

रविवारी मामाबरोबर जाऊन मी खापर त्याच ओघळीपाशी ठेवले. पण ते किती खोल होते, हे काही केल्या आठवले नाही.