विमानाच्या इंजिनातील वीज आणि ठिणगी

लखनौ येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात विमानांची नाना उपसाधने तयार होतात. घरी विमान बांधणाऱ्यास मात्र अशा साधनांची निवड स्वतःच करावी लागते. मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांच्या विमानाची सरकारी नोंदणी २०१७ मध्ये झाली.

मिनिटाला २,४०० फेरे घेणारे इंजिन सेकंदात ४० फेरे पूर्ण करते. दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वी सुमारे २५ अंश आधी ठिणगी पडावी लागते. एवढे अंतर फिरण्यास भुजादंडास दोन सहस्रांश सेकंदही लागत नाहीत. यास्तव त्याची स्थिती अचूक ओळखणारा संवेदक हवा. चुंबक व वेटोळे यांच्या संवेदकास बाहेरची वीज लागत नाही. परंतु इंजिन सुरू करताना फेरे मंद असल्याने त्याचा संकेत क्षीण असतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेला संवेदक मंद गतीतही स्पष्ट संकेत देतो. मात्र त्यास अखंड वीज पुरवावी लागते.

येथेच जनित्राचा प्रश्न उद्भवतो. विद्युत्‌चुंबकाच्या जनित्रास आरंभी बॅटरीची वीज लागते. कायम चुंबकाच्या जनित्रास चुंबकत्वासाठी ती लागत नाही. कोणतेही जनित्र निवडले, तरी ते बंद पडल्यास आकाशात ठिणगी थांबता कामा नये. त्यासाठी राखीव बॅटरी किंवा स्वयंपूर्ण मॅग्नेटो जवळ असणे अगत्याचे होय.