ऑपरेशनआधीचे तीन आठवडे

1975 च्या अखेरीस जपानी संशोधक ताकाजी मियाके रेशमी कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन शिकागोत आले. आत होता लघवीचा वाळवलेला अर्क! ज्यांच्या अस्थिमज्जेनं रक्त तयार करणं जवळपास सोडून दिलंय, अशा रुग्णांची तब्बल 2,550 लिटर लघवी त्यासाठी जमवली होती. या रुग्णांची मज्जा दाद देत नाही, म्हणून मूत्रपिंड ‘लाल पेशी बनवा’ असा निरोप धाडतच राहतं. त्यातला थोडा लघवीत उतरतो. शिकागोतले संशोधक यूजीन गोल्डवॉसर वीस वर्षं याच निरोप्याच्या मागावर होते. 1977 मध्ये तो शुद्ध रूपात हाती आला, तोही जेमतेम काही मिलिग्रॅम. त्याचं नाव एरिथ्रोपोएटिन, डॉक्टरांच्या भाषेत ‘ईपीओ’.

पुढे त्याचं जनुक सापडलं, पेशींकडून हवं तेवढं ईपीओ बनवून घेता येऊ लागलं आणि 1989 मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी इंजेक्शन आलं. बाहेरचं रक्त कमी चढवावं लागावं म्हणून ऑपरेशनआधी ते द्यायला तिथे 1996 मध्ये मान्यता मिळाली. हिमोग्लोबिन 10 ते 13 च्या दरम्यान आहे आणि गुडघा किंवा खुबा बदलताना बरंच रक्त जाणार आहे, अशांसाठी. एक ठरलेली पद्धत अशी: ऑपरेशनच्या 21, 14 आणि 7 दिवस आधी एकेक इंजेक्शन, चौथं त्याच दिवशी. घाई करून भागत नाही; मज्जेतली कोवळी पेशी तयार होऊन रक्तात उतरायलाच काही दिवस जातात.

धोकाही आहे. पायातल्या शिरांत गुठळ्या होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे गुठळ्या रोखणारं औषध सोबत देण्याचा विचार करावा लागतो. हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनसाठी ही मान्यता नाही.

आणि लोह? हिमोग्लोबिन लोहाशिवाय बनत नाही. साठाच रिकामा असेल, तर ईपीओनं कितीही हाकारलं तरी मज्जा करणार काय? महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे आणि त्याचं मोठं कारण लोहाची कमतरता. माझ्या मते आपल्याकडे या महागड्या इंजेक्शनच्या आधी फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी आणि लोहाच्या गोळ्या किंवा सलाइन यांचीच चौकशी व्हायला हवी. पण त्यालाही आठवडे लागतात. आदल्या दिवशीच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन नऊ निघालं, तर उरतात दोनच वाटा: तारीख पुढे ढकला, नाहीतर ब्लड बँकेत नातेवाइकांना पाठवा.