मेदपेशी आणि विकरे

वर्गातल्या एखाद्या जाड मुलाबद्दल 'फार खातो' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण खाल्लेले अन्न मेदाच्या रूपात साठायला मेदपेशी लागतात, आणि या पेशी कशा तयार होतात हे कळल्याशिवाय लठ्ठपणाचे पूर्ण चित्र दिसत नाही.

मेदपेशी तयार होते ती पूर्वपेशीपासून. पूर्वपेशीत मेदाचा साठा नसतो. इन्शुलिन, कॉर्टिसॉल अशा संप्रेरकांचे संदेश मिळाले की ती बदलू लागते. मेद तयार करणारी विकरे (एन्झाइम्स) तिच्यात निर्माण होतात, मेदाचे बारीक थेंब दिसू लागतात. ते एकत्र येऊन शेवटी एकच मोठा थेंब पेशी व्यापतो आणि केंद्रक कडेला ढकलले जाते.

यातले कॉर्टिसॉल अधिवृक्क ग्रंथीतून येते. त्याचेच कॉर्टिसोन हे निष्क्रिय रूपही रक्तात असते. मेदपेशीतील '११-बीटा-एचएसडी-१' हे विकर कॉर्टिसोनपासून पुन्हा कॉर्टिसॉल बनवते. म्हणजे रक्तातील प्रमाण नेहमीचेच असूनही पेशीच्या आत ते वाढू शकते.

याचा परिणाम काय होतो? २००१ साली अमेरिकेत बोस्टन येथे जेफ्री फ्लायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विकर केवळ मेदपेशींत जास्त प्रमाणात तयार होईल असे उंदीर घडवले. या उंदरांच्या पोटात चरबी साठली. स्निग्ध आहार दिल्यावर ती आणखी वाढली. त्यांना मधुमेह जडला, आणि विशेष म्हणजे ते जास्त खाऊही लागले. बदल केला होता मेदपेशीत, पण भूकही वाढली!

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. या विकराला रोखणारी औषधे माणसांवर तपासली गेली, तेव्हा वजन फारसे घटले नाही. लठ्ठपणामागे अनेक विकरे, संप्रेरके, आनुवंशिकता आणि आहार यांची गुंतागुंत असते.

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक संशोधन महत्त्वाचे आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवले, की मेदपेशींची संख्या बालपणी व किशोरवयात ठरते. प्रौढपणी दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी बदलल्या जातात, पण एकूण संख्या जवळपास तीच राहते. वजन घटले तरी पेशी आकाराने लहान होतात, संख्येने कमी होत नाहीत.

म्हणूनच शाळेतील खेळाचा तास आणि मुलांचा डबा यांकडे लक्ष द्यायला हवे. आणि जाड मुलाला चिडवणे थांबवायला हवे. त्याच्या भुकेवर केवळ त्याच्या मनाचेच राज्य नसते.