विमान कंपनीच्या पॉइंट्सची खरी किंमत कशी काढायची?

ॲपवरून विमानाचं तिकीट बुक करताना 'फ्रिक्वेंट फ्लायर नंबर' असा एक रकाना दिसतो. बरेच जण तो रिकामा सोडून पुढे जातात. काही जण नंबर टाकतात, पॉइंट्स जमत राहतात आणि एक दिवस मुदत संपून गुपचूप उडून जातात. दोन्हीकडे नुकसान आपलंच. तर या पॉइंट्सचं नेमकं करायचं काय, ते आज समजून घेऊया.

कंपनी पॉइंट्स का देते?

१९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हांटेज' ही योजना सुरू केली. कोण वारंवार प्रवास करतं याची नोंद त्यांच्या 'सेबर' या कॉम्प्युटर बुकिंग सिस्टीममध्ये होतीच. अशा प्रवाशांनी दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून त्यांना मैलांच्या हिशोबाने बक्षीस मिळू लागलं. आता बऱ्याच कंपन्या अंतर न बघता तुम्ही किती पैसे मोजले ते बघतात. आपल्याकडे एअर इंडियाचा 'महाराजा क्लब' (आधीचं नाव 'फ्लाइंग रिटर्न्स') आणि इंडिगोचा 'ब्लूचिप' या अशाच योजना आहेत. दोन्हींचं सदस्यत्व फुकट मिळतं.

पण हा धंदा फक्त तिकिटांपुरता नाही. बँका आपल्या क्रेडिट कार्डवाल्यांना देण्यासाठी विमान कंपन्यांकडून पॉइंट्स विकत घेतात. त्यात पैसा किती आहे बघा: २०२० मध्ये कोरोनाकाळात विमानं जमिनीवर असताना युनायटेड एअरलाइन्सने आपली पॉइंट्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले!

एका पॉइंटची किंमत

पॉइंटवर नोटेसारखी किंमत छापलेली नसते. तुम्ही तो कशासाठी वापरता, त्यावर ती ठरते. सूत्र सोपं आहे:

(रोख तिकिटाचा दर − पॉइंट्सच्या तिकिटावर भरावे लागणारे कर व शुल्क) ÷ लागणारे पॉइंट्स

समजा, पुणे-दिल्ली तिकीट रोखीने ५,८०० रुपयांना आहे. तेच पॉइंट्सने घेतलं तर ६,००० पॉइंट्स आणि वर ९०० रुपये कर. म्हणजे ४,९०० भागिले ६,०००, साधारण ८२ पैसे. आता त्याच ६,००० पॉइंट्सवर दीड हजाराचं शॉपिंग व्हाउचर मिळत असेल, तर एका पॉइंटचे हाती आले फक्त २५ पैसे. पॉइंट्स तेवढेच, पण किंमत तिपटीपेक्षा जास्त वेगळी. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे खरे आकडे ॲपमध्ये बघा.)

हिशोब करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तुलना तुम्ही खरंच काढलं असतं त्या तिकिटाशी करा. त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं तिकीट ४,५०० ला असेल, तर सूत्रात ४,५०० टाका. बिझनेस क्लासची ६० हजारांची सीट पॉइंट्सवर मिळाली म्हणून ६० हजार वाचले असं होत नाही, कारण तेवढे पैसे तुम्ही मुळात खर्च करणारच नव्हता. दोन, रोख तिकिटावर नवे पॉइंट्स मिळतात, पॉइंट्सच्या तिकिटावर सहसा मिळत नाहीत.

दिवाळीत किंवा लग्नसराईत रोख दर वाढतात तेव्हा पॉइंट्सने मागितलेला दरही बघून घ्या. तो त्याच प्रमाणात वाढला नसेल, तर पॉइंट्स वापरायची तीच वेळ.

साठवून ठेवावेत का?

नाही. पॉइंट्स म्हणजे बँकेतली एफडी नाही. त्यावर व्याज नाही, उलट तिकिटाला किती पॉइंट्स लागतील हे कंपनी कधीही वाढवू शकते. २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणं थांबली, तेव्हा 'किंग क्लब'चे पॉइंट्स ज्या विमानांसाठी जमवले होते ती विमानंच उरली नाहीत. एका तिकिटापुरते जमले की वापरून टाका.

कामाच्या गोष्टी

• वर्षातून दोन-तीनदाच उडत असाल तर एकच योजना धरा. तीन ठिकाणी थोडे थोडे पॉइंट्स म्हणजे कुठलंच तिकीट नाही.

• पॉइंट्स सहसा पैसे भरणाऱ्याला नाही, प्रवास करणाऱ्याला मिळतात. आई-बाबांचं तिकीट तुम्ही काढलं तरी खातं त्यांच्या नावाचं हवं, आणि नावाचं स्पेलिंग तिकिटावरच्यासारखंच हवं.

• नंबर टाकायला विसरलात तर प्रवासानंतरही ठरावीक मुदतीत क्लेम करता येतो. पॉइंट्स जमा होईपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवा.

• एअर इंडिया २०१४ पासून 'स्टार अलायन्स'मध्ये आहे. त्यामुळे सिंगापूर एअरलाइन्स किंवा लुफ्तान्साने गेलात तरी महाराजा क्लबचा नंबर देता येतो. मात्र किती पॉइंट्स मिळतील हे तिकिटाच्या प्रकारावर ठरतं.

• क्रेडिट कार्डचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवले की सहसा परत फिरवता येत नाहीत. आधी सीट दिसू दे, मगच वळवा.

• पॉइंट्ससाठी खर्च वाढवू नका. कार्डाचं बिल थकलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागू शकतं. त्यापुढे कुठलेच पॉइंट्स पुरत नाहीत.

फसवणुकीपासून सावध

'तुमचे पॉइंट्स आज संपतायत, लगेच रिडीम करा' असा मेसेज आणि खाली लिंक आली, तर ती उघडू नका. अशा लिंकवरून कार्डाचा नंबर आणि ओटीपी काढून घेतात, नाहीतर मोबाईलमध्ये एपीके फाइल टाकायला लावतात. पॉइंट्स बघायचे असतील तर थेट कंपनीच्या ॲपमध्ये जा. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आणि हो, बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टावर टाकण्याआधी थांबा. त्यावरच्या बारकोडमध्ये तुमचं नाव, पीएनआर आणि बऱ्याचदा फ्रिक्वेंट फ्लायर नंबरही असतो. पीएनआर आणि आडनाव मिळालं की अनेक वेबसाइट्सवर कुणीही तुमचं बुकिंग उघडू शकतं.

आता एक काम करा. ॲप उघडा, किती पॉइंट्स आहेत आणि मुदत कधी संपते ते बघा, आणि ती तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच्या रिमाइंडरसह टाकून ठेवा. पाच मिनिटंही लागणार नाहीत.