युद्धोत्तर जर्मन कादंबरी (भाग सातवा) : बहिणीचा मृत्यू आणि दोन निवेदक

महायुद्धात उद्ध्वस्त झालेली शहरे, तेथे परतलेले सैनिक आणि त्यांची उपासमार यांविषयी लिहिणाऱ्या पिढीच्या लेखनाला ‘ढिगाऱ्यांचे साहित्य’ म्हटले गेले आणि हाइनरिश ब्योल (१९१७-१९८५) यांनी १९५२ मधील एका निबंधात ही ओळख उघडपणे स्वीकारली, हे मागील भागात पाहिले. १९६३ साली त्यांची ‘विदूषकाची मते’ अशा अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी प्रसिद्ध झाली, तोवर ढिगारे उपसले गेले होते, पश्चिम जर्मनी संपन्न झाली होती, आणि त्या संपन्नतेखाली काय पुरले गेले याचा शोध हा ब्योल यांचा विषय बनला होता.

त्याच वर्षी पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रकाशित केली. नेमाडे पुढे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात अध्यापक होते, त्यामुळे या शहराच्या वाङ्मयीन आठवणीत त्यांचे स्थान जवळचे आहे. मराठी समीक्षेने ‘कोसला’शेजारी बहुधा सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ ठेवली. परंतु त्याच कादंबरीच्या जर्मन अनुवादावर ब्योल आणि त्यांच्या पत्नी आनेमारी यांनी संस्करणाचे काम केले होते आणि ती आवृत्ती १९६२ मध्ये निघाली, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ब्योल आणि नेमाडे यांच्या कादंबऱ्या एकाच वर्षीच्या असल्याने एकीचा दुसरीवर प्रभाव शोधण्यात अर्थ नाही, मात्र त्यांच्यातील नाते सॅलिंजरच्या साम्याहून अधिक खोल आहे.

ब्योल यांचा हान्स श्नीर सत्तावीस वर्षांचा मूकनाट्य करणारा विदूषक आहे. प्रेयसी मारी त्याला सोडून एका प्रतिष्ठित कॅथलिक गृहस्थाकडे गेली आहे, गुडघा दुखावला आहे, खिशात पैसे नाहीत, आणि बॉनमधील घरात बसून तो एका संध्याकाळी ओळखीच्यांना दूरध्वनी करतो आहे. नेमाडे यांचा पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा, खानदेशातील खात्यापित्या घरातला, पुण्याला शिकून रिकाम्या हाताने गावी परतलेला. दोघेही प्रतिनायक आहेत, म्हणजे पराक्रम वा आदर्श यांवाचून कथेच्या केंद्रस्थानी असलेली पात्रे. दोघांचेही वडील सधन आहेत आणि दोघांच्याही बोलण्यातील थट्टा एका ठिकाणी येऊन थांबते, ते ठिकाण म्हणजे बहिणीचा मृत्यू.

हान्सची बहीण हेन्रिएटे सोळा वर्षांची असताना, १९४५ च्या फेब्रुवारीत, युद्ध हरल्यातच जमा असताना, विमानविरोधी तोफदलाच्या कामावर जाते आणि परत येत नाही. तिला पाठवण्यात आईचा उत्साह होता. तीच आई आता वंशभेद मिटवणाऱ्या संस्थांच्या समितीची अध्यक्ष आहे. ब्योल यांचा संताप आईच्या पूर्वीच्या मतांपेक्षा तिला ती बदलताना काहीच त्रास झाला नाही याविषयी अधिक आहे. हान्सला आठवत राहते हाच त्याचा अपराध ठरतो, कारण भोवतीच्या समाजाने विसरण्यावरच घर बांधले आहे.

‘कोसला’तील मनी धाकटी आहे आणि तिच्या मृत्यूला कोणतीही राजवट वा युद्ध जबाबदार नाही. त्यामुळे पांडुरंगचा आक्रोश घरातल्या माणसांवर, परंपरेवर, जन्मावरच कोसळतो, आणि त्याला ठाम असा आरोपी सापडत नाही. तोवर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांच्या आडोशाने चाललेले निवेदन या पृष्ठांवर उघडे पडते. मराठी गद्यात शोक इतक्या निःसंकोचपणे क्वचितच लिहिला गेला असेल.

कलाकृती म्हणून ‘कोसला’ वरचढ वाटते. ब्योल यांच्या कादंबरीत दूरध्वनीच्या पलीकडचे धर्मगुरू आणि समाजसेवक अनेकदा व्यक्ती न राहता भूमिकाच उरतात, तर नेमाडे यांच्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाला त्याची स्वतःची बोली आहे. तथापि ब्योल यांच्या विदूषकाला आपला जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक आहे, आणि अखेरीस तो गिटार घेऊन बॉन स्थानकाच्या पायऱ्यांवर भीक मागायला बसतो, तेही ओळखीचे सगळे ज्या वाटेने येतील जातील तिथेच.