विश्लेषण : उणे २५ अंशांत तगणारे रोप आपल्या पावसात का कुजते?

कमळासारखी गोल रचना, पानांची लालसर टोके आणि खाली 'देखभाल नको' अशी ओळ. हा फोटो बघून मी एका ऑनलाइन नर्सरीतून सेम्परव्हायव्हमची दोन रोपे मागवली. जानेवारीत ती झकास होती. जुलैमध्ये पान धरून उचलायला गेलो, तर अख्खे रोपच हातात आले. मुळे कुजून काळी पडली होती. बर्फात जगते म्हणजे कुठेही जगेल, हा माझा हिशेब चुकला होता.

हे रोप मूळचे कुठले?

आल्प्स आणि दक्षिण युरोपातील इतर डोंगरांच्या खडकाळ कपारींतले. तिथे माती जेमतेम आणि पाणी पडले की लगेच वाहून जाते. 'सेम्परव्हायव्हम'चा लॅटिन अर्थ 'सदा जिवंत'. त्याची सर्वांत परिचित जात 'टेक्टोरम', म्हणजे 'छपरांवरची'. युरोपात हे रोप छपरावर लावले की वीज पडत नाही, असे लोक मानत. सम्राट शार्लमेनच्या काळातील, सुमारे १,२०० वर्षांपूर्वीच्या एका फर्मानात तर माळ्याने ते आपल्या घरावर ठेवावे, अशी सूचनाच आहे.

थंडी कशी सोसते?

पानात पाणी भरलेले; ते गोठले तर पेशी फाटायला हव्यात. पण थंडी वाढू लागली की रोप पेशींतले पाणी कमी करते आणि साखर वाढवते. गाडीच्या रेडिएटरमध्ये कूलंट जे काम करतो, साधारण तेच. त्यामुळे काही जाती उणे २५ अंश आणि त्याखालीही तगतात. मात्र ही तयारी हळूहळू होते. उबदार खोलीतले रोप एकदम बर्फात ठेवले, तर तेही दगावू शकते.

आपल्या पानफुटीचे हे नातेवाईक, दोघांचे कूळ एकच. दिवसा पाणी उडू नये म्हणून ही झाडे पानांची छिद्रे रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचे पान चावून बघितले, तर ते सकाळी आंबट आणि दुपारनंतर बेचव लागले. ही नोंद १८१५ मध्ये छापून आली.

मग कुंडीत काय करायचे?

खरा शत्रू थंडी नाही, साचलेले पाणी आहे. निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे घ्या. पाणी धरून ठेवणारे कोकोपीट टाळलेले बरे. कुंडी उथळ, तळाला भोक असलेली हवी, खाली ताटली नको. बोट खुपसून बघा. माती पूर्ण कोरडी असेल तरच पाणी द्या. ऊन भरपूर लागते, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली द्यावी लागते, कारण कडक उन्हाळ्यात याची वाढ थंडावते. पावसाळ्यात कुंडी छपराखालीच ठेवा. 'महाबळेश्वरला थंडी असते, तिथे जगेल' असे वाटत असेल, तर तिथला पाऊस आठवा!

टोरांटो किंवा शिकागोत राहणाऱ्यांनी नेमके उलटे करायचे. हिवाळ्यात कीव येऊन कुंडी हीटरजवळ आणू नका. तिथे रोप प्रकाशासाठी लांबते आणि फिकट पडते. त्याला बाहेरच राहू द्या, फक्त कुंडीत पाणी साचायला नको.

खरेदीआधी एक खात्री करा. मेक्सिकोकडची इचेव्हेरिया अगदी अशीच दिसते, पण ती बर्फात टिकत नाही. तिची पाने जाड आणि कडा गुळगुळीत असतात. सेम्परव्हायव्हमची पाने तुलनेने पातळ, कडेला बारीक लव असते. आणि गडद निळ्या किंवा इंद्रधनुषी रंगाच्या बिया दिसल्या, तर पैसे वाचवा. तो रंग फोटो एडिटिंगचा असतो.

काही वर्षांनी रोपाच्या मधून जाड दांडा वर येतो, ताऱ्यासारखी फुले लागतात आणि त्यानंतर तो गड्डा वाळून मरतो. तुमचे काही चुकलेले नसते. तोवर भोवती पिल्ले धरलेली असतात. वाळलेला गड्डा हलक्या हाताने काढा, पिल्ले तिथेच राहू द्या.